आवर्तसारणीतली घराणी ओळखायची कशी: लीना, शिरा आणि रानातला झेंडू

भाची यंदा दहावीला. सेमी इंग्लिशवाली, त्यामुळे मी गण म्हणालो की ती ग्रुप म्हणते, मी अल्क धातू म्हणालो की ती अल्कली मेटल म्हणते, असं आमचं चालतं, तर इथेही दोन्हीकडचे शब्द मिसळून येतील, सांभाळून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत आली ती भिंतीवर लावायचा मोठा रंगीत तक्ता घेऊनच, आणि पहिल्याच सकाळी हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत वीस नावं एका दमात म्हणून दाखवली, पाढे म्हणतात तशी. मी म्हणालो छान, आता सांग कॅल्शियमचे भाऊबंद कोण? तर म्हणे पोटॅशियम आणि स्कँडियम. म्हंजे शेजारी सांगितले, भाऊबंद नाही.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपल्याला वाचायची सवय आडवी आणि ही घराणी बसलीत उभी. चाळीत एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं असली तरी ती दहा गावची असतात ना, तसंच आहे हे, फक्त या चाळीत प्रत्येक मजल्यावरची कोपऱ्यातली खोली एकाच घराण्याकडे आहे. आमच्या वेळी सरांनी अख्खा तक्ता दहा वेळा लिहून आणायला लावला होता, मी लिहिला, बोटं दुखली, आणि पेपरात हॅलोजन कोणते विचारल्यावर निऑन लिहून आलो. त्यामुळे भाचीला काय करायला लावलं ते सांगतो, चार संध्याकाळी लागल्या, रोज तासभर.

पहिलं काम म्हंजे चिठ्ठ्या. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात त्या कापायच्या, कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या वीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर नाव, अणुअंक आणि इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन), म्हंजे सोडियमच्या चिठ्ठीवर ११ आणि खाली २, ८, १. आता हायड्रोजन आणि हेलियम बाजूला काढा, त्यांचं नंतर बघू. लिथियमपासून निऑनपर्यंत आठ चिठ्ठ्या जमिनीवर एका ओळीत मांडा, त्यांच्या बरोब्बर खाली सोडियमपासून आर्गॉनपर्यंत आठ, आणि तिसऱ्या ओळीत पोटॅशियम लिथियमखाली, कॅल्शियम बेरिलियमखाली. मग उठून उभे राहा आणि वरून बघा, आडवं नाही, उभं. लिथियम २, १. सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. शेवटचा आकडा सगळ्यांचा एकच. शेजारच्या उभ्या रांगेत सगळ्यांचा २. भाची दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, अरे मामा, हे तर आपोआपच बसलं. हो, बसलंच. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे म्हंजे वागणं सारखं, आणि वागणं सारखं म्हंजे घराणं एक. आवर्तसारणी पाठ करायची वस्तू नाहीच मुळी, ती मांडायची वस्तू आहे.

(न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचं तेच तर म्हणणं होतं, सा रे ग म प ध नी आणि परत सा, आठव्याला पहिला स्वर परत येतो. त्याचं गणित कॅल्शियमपर्यंत जमलं आणि पुढे बेसूर झालं, पण आपल्यालाही सुरुवातीला तेवढंच पुरतं.)

आता दुसऱ्या संध्याकाळची युक्ती, आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. ११८ अणुअंक पाठ करायची गरज नाही, फक्त सहा आकडे करा: २, १०, १८, ३६, ५४, ८६. हे सगळ्यात उजवीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीचे, म्हंजे राजवायूंचे. यातला फरक बघा, ८, ८, १८, १८, ३२, त्यामुळे विसरलात तरी बेरीज करून परत काढता येतात. आता प्रत्येक आकड्यात १ मिळवा: ३, ११, १९, ३७, ५५, ८७, हे अल्क धातू. २ मिळवा: ४, १२, २०, ३८, ५६, ८८, हे कॅल्शियमचं घराणं, पुस्तकात अल्कधर्मी मृदा धातू असं भारदस्त नाव आहे. दोन सोडून पुढच्या पाचांतून १ वजा करा: ९, १७, ३५, ५३, ८५, हे हॅलोजन, म्हंजे फ्लोरीन, क्लोरीनचं घराणं. २ वजा केलं की ऑक्सिजनचं घराणं, ३ वजा केलं की नायट्रोजनचं, ४ वजा केलं की कार्बनचं, ५ वजा केलं की बोरॉन आणि ॲल्युमिनियमचं. कोणी विचारलं अणुअंक ८२ कुठे बसतो, तर ८६ मधून ४ गेले, कार्बनच्या रांगेत, म्हंजे शिसं. अणुअंक ३८? छत्तीस अधिक दोन, कॅल्शियमच्या रांगेत, स्ट्रॉन्शियम. भाचीने मला उलट प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं त्या दिवशी, जेवतानासुद्धा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की १८ च्या पुढे फक्त अधिक १ आणि अधिक २ च चालतं, अधिक ३ केलं की तुम्ही मधल्या खोलगट भागात पडता, तिथलं राज्य वेगळं.

गणाच्या, म्हंजे या उभ्या रांगांच्या, आकड्यांचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. आता गण १ ते १८ असे सरळ मोजतात, पण घरी आईबाबा मदतीला बसले तर ते सातवा अ गण, शून्य गण असं काहीतरी म्हणतील, ती जुनी पद्धत, त्यांची चूक नाही. नवीन पद्धतीत १३ ते १७ मधल्या कुठल्याही गणातून १० वजा केले की संयुजा इलेक्ट्रॉन, म्हंजे बाहेरच्या कवचातले, मिळतात, १७ मधून १० गेले राहिले ७. झालं.

आता नावं. आकडे आले तरी नावं क्रमाने यायला हवीत आणि त्यासाठी क्लासवाले हिंदीतल्या ओळी देतात, चालतात त्या, पण मला मराठीतच हव्या होत्या म्हणून आम्ही दोघांनी बसून बनवल्या. पहिला गण लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम, फ्रान्सियम, तर त्याला:

लीना, काय रुबाब! कसं फिरतेस?

ली म्हंजे लिथियम, ना म्हंजे सोडियम कारण त्याचं चिन्ह एनए, लॅटिन नेट्रियमवरून, काय मधला क म्हंजे पोटॅशियम कारण चिन्ह के, कॅलियमवरून, पुढचं कळलंच असेल. दुसरा गण बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम:

बेत मग काय? शिरा, बासुंदी, रायतं.

सतरावा, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, ॲस्टेटीन: फार क्लास बर्फी आईने आटवली. (तळाला टेनेसीन आहे, ते आईच्या बर्फीत बसत नाही, सोडा.) आणि अठरावा, हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन: हे ने अरे कृष्णा, झेंडू रानातला. या ओळींना अर्थ नाही हे मलाही कळतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री अर्थ कोण विचारतंय. तुमच्या घरातल्या नावांनी स्वतः बनवा, ती जास्त टिकते, आमच्याकडे खरोखर एक लीनामावशी आहे आणि ती खरोखर रुबाबात फिरते.

पण ओळ म्हणजे नुसती हजेरी झाली. हजेरी घेऊन माणूस कळतो का? लग्नात दोनशे पाहुणे असतात आणि आपण कसं लक्षात ठेवतो, एक जण ओळखीचा असतो, मग हा त्याचा भाऊ, ही त्याची मेहुणी, असं करत. तसंच प्रत्येक घराण्यातला एक तरी घरातला ओळखीचा पकडायचा आणि त्याचा हात धरून वरखाली जायचं. वरून खाली जाताना काय बदलतं एवढा एकच प्रश्न प्रत्येक घराण्याला विचारायचा.

पहिल्या गणाचा ओळखीचा माणूस मीठ. तिसऱ्या संध्याकाळी मी डाळ शिजत ठेवली होती, बोलण्याच्या नादात ती उतू गेली आणि गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी झाली. मीठ आधीच घातलं होतं ना डाळीत. तो पिवळा रंग सोडियमचा. प्रत्येक भावाचा ज्योतीतला रंग वेगळा, लिथियमचा लाल, पोटॅशियमचा फिकट जांभळा, आणि शेजारच्या गणातले स्ट्रॉन्शियम लाल आणि बेरियम हिरवा, फटाक्यांतले रंग येतात ते असेच. आता वरून खाली जाऊ. सगळे मऊ, चाकूने कापता येतात, हवेत ठेवता येत नाहीत म्हणून शाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. पाण्यात टाकला तर लिथियम तरंगतो आणि निवांत फसफसतो, सोडियम वितळून त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा पळते, पोटॅशियम पेट घेतो, सिझियमचा तर स्फोटच. (हे प्रयोगशाळेत सरांनी करायचं, घरी अजिबात नाही.) वितळायचं तापमान बघा, लिथियम १८०, सोडियम ९८, पोटॅशियम ६३, रुबिडियम ३९ आणि सिझियम २८.५ अंश सेल्सिअस. म्हंजे काचेच्या बंद नळीतला सिझियम नागपूरच्या मे महिन्यात घरात पाण्यासारखा डुचमळेल, आणि तो धातू आहे! हा उतार एकदा डोक्यात बसला की पाचही आकडे पाठ करायची गरज नाही, खाली जाताना लवकर वितळतो आणि जास्त भडकतो, बस.

एका घराण्यातले एकमेकांच्या जागी घुसतात, ही फार मजेची गोष्ट आहे आणि कधीकधी भीतीची. बीपीवाल्यांना कमी सोडियमचं मीठ देतात त्यात काही सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, जिभेला जवळजवळ चालतं, किंचित कडवट लागतं. (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) आणि दुसरी बाजू अशी की १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा बाहेर पडलेला किरणोत्सारी सिझियम पोटॅशियमच्या वाटेने झाडांत आणि अंगात शिरला, आणि स्ट्रॉन्शियम ९० हा कॅल्शियमचा भाऊ म्हणून सरळ हाडांत जाऊन बसतो. शरीराला फसवलं जातं कारण बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे दिसतात. हे सांगितल्यावर भाचीने बेतातला शिरा म्हंजे स्ट्रॉन्शियम परत कधी विसरला नाही.

सतराव्या गणाचे ओळखीचे भरपूर. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते त्याचा वास म्हंजे क्लोरीन, टूथपेस्टवर फ्लोराइड लिहिलेलं असतं, आणि मिठाच्या पुडीवर आयोडीन. इथे खाली जाताना नजरेला दिसणारा बदल आहे: फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबडा द्रव, आयोडीन काळपट चकाकणारा स्थायू, म्हंजे रंग गडद होत जातो आणि वायूचा द्रव आणि द्रवाचा दगड होत जातो.

आणि आता तो प्रश्न जिथे मार्क जातात. पहिल्या गणात खाली गेलं की अभिक्रियाशीलता वाढते, सतराव्यात खाली गेलं की कमी होते. उलटं का? मुलं हे पाठ करतात आणि पेपरात अदलाबदल करून येतात. पाठ नका करू, असं बघा की पहिला गण देणाऱ्यांचा आणि सतरावा मागणाऱ्यांचा. पहिल्यातल्यांकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, तो द्यायचाय, तर तो केंद्रकापासून जितका लांब तितका सहज सुटतो. लिथियमचा दुसऱ्या कवचात, सिझियमचा सहाव्या, म्हणून सिझियम जास्त उतावळा. सतराव्यातल्यांना एक कमी पडतो, तो ओढून आणायचाय, तर ओढणारा जितका जवळ तितका जोर जास्त, म्हणून सगळ्यात वरचा छोटा फ्लोरीन सगळ्यात हावरा. देणारा आणि मागणारा भेटले की मीठ तयार. पुडीवर पोटॅशियम आयोडेट लिहिलेलं सापडलं की तिथेही तेच, पोटॅशियम देणाऱ्यांतला आणि आयोडीन मागणाऱ्यांतला, मध्ये ऑक्सिजन.

राजवायूंना ना द्यायचं ना घ्यायचं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ ला तक्ता मांडला तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि हे अख्खं घराणं त्यात नव्हतंच, कोणाशी बोलतच नाहीत तर सापडणार कसे. आर्गॉन १८९४ ला सापडला आणि मग बाकीचे. हेलियम मात्र आधी सूर्यात दिसला, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आपल्या गुंटूरला येऊन बसला होता, सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ, सोडियमच्या पिवळ्याच्या अगदी शेजारी पण सोडियमची नाही. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तीच रेघ त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली, आणि धातू समजून नाव दिलं, म्हणून या घराण्यात बाकी सगळे ऑन ऑन असताना हा एकटा इयम. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि हेलियम इथून सापडला असं सांगतात, तर लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं आहे, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तीस वर्षांचा फरक आहे हो.

नावाच्या शेपटीवरून घराणं ओळखायची ही युक्ती बरी आहे, ईन म्हंजे हॅलोजन, ऑन म्हंजे राजवायू, पण बोरॉन आणि सिलिकॉन मध्ये घुसून फसवतात, तर जपून.

गण १५ शेतकऱ्याच्या पोरांना कोणी शिकवायची गरज नाही, त्यांना फक्त सांगा की खताच्या गोणीवरचं नत्र, स्फुरद, पालाश यातले पहिले दोन, म्हंजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, सख्खे भाऊ, तिसरा पालाश म्हंजे पोटॅशियम, तो लीनाच्या घरचा. नत्र स्फुरदाच्या खाली आर्सेनिक, म्हंजे जुन्या गोष्टींत दुधात घालतात तो सोमल ज्याचा होतो ते. आर्सेनिक विष का, त्याचं एक कारण हे की त्याचं एक रूप शरीरात स्फुरदाची जागा बळकावतं. परत तेच, घराण्याचं नाक.

गण १६ मध्ये ऑक्सिजन आणि गंधक. एच टू ओ पाणी आणि एच टू एस सडक्या अंड्याचा वास, सूत्र सारखं, स्वभाव विचारू नका.

गण १४ माझा लाडका. वर कार्बन, मग सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसं. कोळशापासून सुरू होतं आणि धातूत संपतं, मध्ये सिलिकॉन आणि जर्मेनियम धड इकडचे ना तिकडचे, धातुसदृश. आजीच्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकायचं म्हणून कल्हईवाला यायचा, नवसागराचा पांढरा धूर आणि मग पातेल्याच्या आत फिरणारा तो चंदेरी पुसारा, ते कथील. आणि आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हंजे कार्बन. निदान घराणं तरी बरोबर आहे.

मधल्या खोलगट भागाचं, संक्रामक मूलद्रव्यांचं, दहावीला फार डोकं खाऊ नका. तिथे २१ ते ३० ही आडवी ओळ करा, कारण तिथे शेजारीही एकमेकांसारखे असतात, लोखंड, क्रोमियम आणि निकेल एकाच ओळीतले आणि स्टीलच्या डब्यात एकत्र. उभी एकच रांग करा, तांबं, चांदी, सोनं, अणुअंक २९, ४७, ७९, फरक १८ आणि ३२, तोच ओळखीचा. देवघरातच आहे हे घराणं: तांब्याचा ताम्हण आठवड्याला चिंचेने घासावा लागतो, चांदीचं निरांजन हळूहळू काळं पडतं, सोन्याला ढिम्म काही होत नाही. तळाच्या त्या दोन वेगळ्या ओळी, लँथॅनाइड आणि ॲक्टिनाइड, ५७ ते ७१ आणि ८९ ते १०३ एवढं माहीत असलं की सध्या पुरे.

चौथ्या संध्याकाळी परीक्षा. प्रश्नपत्रिका नाही, एक चिठ्ठी लपवायची. तोवर विसाच्या पुढच्याही काही चिठ्ठ्या केल्या होत्या, तर क्लोरीन आणि आयोडीन मांडून मधली ब्रोमीनची उलटी ठेवली आणि विचारलं, सांग हा कसा असेल? वायू आणि स्थायूच्या मधला, म्हंजे द्रव. वजन? क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२७, बेरीज करून अर्धं केलं, ८१ आणि वर थोडं. खरं ८०. डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रिकांत, म्हंजे तीन-तीन मूलद्रव्यांच्या गटांत, हेच केलं होतं, लिथियम ७ आणि पोटॅशियम ३९, मध्ये सोडियम २३ चपखल. आणि मेंडेलीव्हने तर न सापडलेल्या चिठ्ठ्यांची जागाच रिकामी ठेवली, सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या खोलीला आपल्या संस्कृतातला एक घेऊन एका-सिलिकॉन म्हणाला, अणुवस्तुमान ७२ असेल म्हणाला, आणि १८८६ ला जर्मेनियम सापडला, ७२.६. भाचीला हा खेळ इतका आवडला की नंतर तीच माझ्या चिठ्ठ्या लपवायला लागली आणि मी रुबिडियमवर अडकलो.

राहिला हायड्रोजन. एक इलेक्ट्रॉन म्हणून पहिल्या गणाच्या डोक्यावर बसवतात, पण तो वायू, धातू नाही, आणि हॅलोजनसारखाच जोडीने फिरतो. वरपक्षाकडूनही जेवतो आणि वधूपक्षाकडूनही. हेलियमचं सोपं आहे, दोनच इलेक्ट्रॉन असले तरी पहिलं कवच दोनातच भरतं, म्हणून तो निऑनच्या वर. भाचीने सगळ्या चिठ्ठ्या रबर लावून दप्तरात टाकल्या आणि घरी गेली, हायड्रोजनची तेवढी आमच्या फ्रीजवर मॅग्नेटखाली राहिलीय, कुठल्या रांगेत ठेवायची ते तिचं ठरत नव्हतं म्हणे.